रंगूआत्याने ऐकलेली कादंबरी

मित्रांनो, भिवंडीतल्या एका घरात देवघराशेजारच्या फळीवर पोथ्यांच्या रांगेत मी बसते. माझ्या कडेला हळदीचं बोट लागलेलं आहे, दोन पानांवर समईच्या तेलाचे डाग आहेत. पण मी पोथी नाही. मी जादूची एक कादंबरी आहे, आता बरीच जुनी झालेली. ‘खाडीतळाचं गाव’ हे माझं नाव.

मला खारबावच्या चंद्राताई तरे यांनी लिहिलं. बालवाडी सुटली की त्या ओट्यावर लिहायला बसत. समोरच्या मिठागरातलं मीठ घेऊन त्यांनी एक मुलगी घडवली. गोडं पाणी अंगाला लागलं तर विरघळून जाईल अशी ती मुलगी. हरवलेल्या बापाची होडी शोधत ती खाडीच्या तळाशी जाते. तिथं बुडालेल्या होड्यांचं एक गाव आहे आणि तिथल्या होड्या बोलतात.

मुंबईच्या एका प्रकाशकानं मला छापलं आणि माझ्या साऱ्या प्रतींचे, म्हणजे आम्हा बहिणींचे, गठ्ठे कशेळीच्या गोदामात रचून ठेवले. शेजारचे गठ्ठे जात, नवे येत. आम्हाला मात्र कोणी विचारलं नाही.

त्या दिवसांत एका परदेशी जादूच्या पुस्तकानं मुलांना वेड लावलं होतं. मग एके दिवशी गोदामात पिवळ्या कागदी पट्ट्या आल्या. त्यांवर छापलं होतं, ‘त्या जगप्रसिद्ध पुस्तकासारखाच थरार, आता मराठीत!’ गोदाम सांभाळणारे यादवभाऊ माझ्या पोटावर पट्टी गुंडाळता गुंडाळता थांबले.

“अरे साहब, लिखनेवाली का नाम तो दब गया.”

“दबू दे रे,” प्रकाशकाचा माणूस म्हणाला. “तिच्या नावावर कोण घेतंय?”

लग्नघरात दुसरीची साडी नेसून उभं राहावं, तसं मला झालं.

पट्टी पाहूनच भिवंडीच्या दुकानातून निशानं मला उचललं. सातवीतली चुणचुणीत मुलगी. घरी येऊन तिनं चार पानं वाचली आणि मला पलंगावर आपटलं. “फसवलं! हे मुळीच त्याच्यासारखं नाहीये. उद्या परत देऊन येते.”

पण त्या संध्याकाळी श्रावण लागला होता. निशाची रंगूआत्या याच घरात राहायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण श्रावणभर दिवा लागला की एक अध्याय कानावर पडलाच पाहिजे, हा तिचा नियम. तिची पोथी आदल्या वर्षीच्या पुरात गेली होती आणि नवी आणायला निशाचे बाबा विसरले होते.

“हातात हाय ती वाच,” आत्या म्हणाली. “नियम मोडायचा न्हाय.”

“आत्या, ही पोथी नाही गं, नुसती गोष्ट आहे.”

“पोथीत तरी काय असतं? गोष्टच ना? वाच.”

आत्यानं मला पाटावर ठेवलं, हळदीकुंकू वाहिलं. त्या बोटाचा थंड स्पर्श मला अजून आठवतो. दुसऱ्या दिवशी नवी पोथी आली, तरी आत्या ऐकेना. सुरू केलेलं वाचन अर्धं ठेवायचं नाही, म्हणून पोथीनंतर रोज माझाही एक अध्याय होऊ लागला.

निशा सारखी कुरकुरायची, “त्यात असं नव्हतं. त्या परदेशी पुस्तकातला तो मुलगा इथं असता तर...”

“तो तुजा तिकडचा पोरगा मला ठावं न्हाय,” आत्या म्हणायची. “ह्या पोरीचं काय झालं, ते सांग.”

हळूहळू ‘त्यात असं नव्हतं’ कमी झालं. कधी कधी निशाच दिवा लवकर लावायची.

एकदा अध्याय संपल्यावर आत्यानं विचारलं, “लिवणाराचं नाव न्हाय घेतलंस? पोथीत शेवटी घेतात.” निशानं पट्टी काढून वाचलं. चंद्रा तरे, खारबाव.

“आपलं खारबाव? मंजे ही बाय जित्ती हाय?” आत्यानं दोन्ही हात जोडले. तिनं जन्मभर ऐकलेल्या पोथ्यांचे कर्ते केव्हाच समाधिस्थ झालेले. लिहिणारं माणूस रिक्षानं जाऊन भेटण्याइतकं जवळ असतं, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

श्रावण सरत आला आणि माझं शेवटचं पान उलटलं. मुलगी नदीच्या तोंडाशी उभी, पलीकडे बापाची होडी, मध्ये गोडं पाणी. खाली दोनच शब्द, ‘पूर्वार्ध समाप्त’.

आत्या अस्वस्थ झाली. गोष्ट अर्धी, मग उद्यापन कसं करायचं? दुसऱ्या सकाळी नारळ आणि खण घेऊन ती निशाबरोबर खारबावला गेली. मी निशाच्या हातात होते.

चंद्राताई बारीक झाल्या होत्या. मला हातात घेऊन त्यांनी माझ्या कडेवरच्या हळदीवरून बोट फिरवलं.

“दुसरा भाग लिहिणं सोडलं मी, आत्या,” त्या म्हणाल्या. “प्रकाशक म्हणतात, मुलीच्या जागी मुलगा घ्या, त्याला जादूची शाळा द्या, तरच छापतो. आणि तसंही मला वाचलंय कोणी?”

“मी आयकलं की!” आत्यानं त्यांची ओटी भरली. “माजं उद्यापन आडलंय, बाय. पोरगी पाण्यात उतरली का न्हाय?”

चंद्राताईंचे डोळे भरून आले. “मलाच अजून ठाऊक नाही.”

“मंग लिवून बघ. मी पुढल्या श्रावणापावत थांबते.”

“आणि मुलगाबिलगा नको हं, ताई,” निशा घाईनं म्हणाली. “तीच हवी.”

मित्रांनो, तो दुसरा भाग प्रकाशकानं छापला नाही. गोदामातल्या माझ्या बहिणी रद्दीत गेल्या. त्यांची आठवण आली की माझी पानं जड होतात. पण पुढच्या श्रावणात चंद्राताई स्वतः हातानं लिहिलेली पानं घेऊन आल्या. शेवटचा अध्याय शुक्रवारी होता. सुट्टीमुळे यंत्रमाग बंद, गल्ली शांत, शेजारच्या बायका उंबऱ्यापर्यंत बसलेल्या. मुलीनं पाण्यात पाऊल टाकलं, तेव्हा आत्यानं पदराचं टोक दातात धरलं होतं. दुसऱ्या दिवशी घरात पुरण शिजलं. उद्यापन झालं.

तुम्ही कोणतंही पुस्तक हाती घ्याल, तेव्हा ते कोणासारखं आहे हे विचारायची घाई करू नका. त्याला चार संध्याकाळी द्या. त्याच्यावर लिहिणाऱ्याचं नाव असेल, ते मोठ्यानं वाचा. ते माणूस तुमच्याच तालुक्यात, लिहिणं थांबवून बसलेलं असेल. त्याच्या दारी जा आणि एवढंच विचारा, “पुढं काय झालं?”