कसं झालं, वैनी?

राणीसावरगावात सरजाबाईच्या दाराआड गुंडाळून उभी केलेली सतरंजी बोलतेय मी. निळे-लाल पट्टे, एका कोपऱ्याला जळकं भोक. ते बारशात धुपाचा निखारा पडून झालंय, उगाच कुणाच्या बिडीवर संशय नको!

मागावरून उतरले ती गंगाखेडच्या बाजारात आले. तिथून बन्सीधरनं मला खांद्यावर टाकून घरी आणलं, तेव्हा सरजाबाई नवी नवरी होती. "एवढी मोठी कशाला आनली?" ती म्हणाली. "मानसं येतील की," तो म्हणाला. आणि आली हो माणसं! सुपाऱ्या फुटल्या, बारशी झाली. गावात कुणी गेलं तरी मलाच मागून न्यायचे.

दुखवट्याची रीत मी तिथंच शिकले. येणाऱ्यानं पाणी प्यायचं, गप बसायचं आणि मग हळूच विचारायचं, "कसं झालं वं?" घरची बाई पहिल्यापासून सांगायची. दुसरं माणूस आलं की पुन्हा पहिल्यापासून. माहीत असलं तरी लोक विचारायचेच. सांगून सांगून बाईचा जीव हलका व्हायचा.

आणि या साली बन्सीधरच गेला. मी आपल्याच घरात दुखवट्याला अंथरले गेले.

त्याचा पोरगा महारुद्र गुणी आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. आईला सारखं सांगायला लागू नये म्हणून त्यानं सगळं लिहून गावाच्या ग्रुपवर टाकलं. सकाळी छातीत कळ आली, गाडी केली, दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

लोक आले ते हे वाचूनच आले. मग विचारणार कशाला? बसले की माना खाली. मला वाटलं, दुःखानं. कसलं दुःख! अंगठे चालले होते. एकाच्या खिशात वरातीचं गाणं वाजलं, तर तो तिथंच बसून "हां, बोला" म्हणत राहिला. एका पाहुणीनं व्हिडिओ कॉल लावून फोन सरजाबाईच्या तोंडासमोर धरला. "मावशी, हिकडं बघा, पुन्याची मंडळी बघायलीत." मी पायाखालची वस्तू, पण मला लाज वाटली बाई.

सरजाबाई एकेकाच्या तोंडाकडं बघायची. तिला काहीतरी सांगायचं होतं. समोरचा मान वरच करायचा नाही.

तेरावं उरकलं त्या दिवशी वालूरहून मुंजाजी आला, बन्सीधरचा जुना जोडीदार. त्याच्याकडं फोन नाही, बातमी उशिरा कळली. पाणी प्याला, गप बसला, मग म्हणाला, "कसं झालं वं वैनी?"

सरजाबाईनं पदर सावरला. "त्या दिशी सकाळी..."

"ऱ्हाऊ दे आई, तुला तरास व्हायलाय," महारुद्र मायेनं म्हणाला. "काका, मी वाचून दाखवतो." आणि त्यानं फोनवरचं सगळं धडाधडा वाचलं. मुंजाजी मान डोलवत राहिला. पोराला काय बोलणार? एसटीची वेळ झाली तसा तो उठला.

मग सून, सविता, मला गुंडाळायला आली. "थांब जराशी," सरजाबाई म्हणाली आणि माझ्यावर बसली. मुंजाजी बसला होता त्या जागेवर हात फिरवत हळूहळू बोलायला लागली.

"त्या दिशी सकाळी जेवायला बसले. घास घेतला अन् म्हनले, सरजे, पिठलं लय झ्याक झालंय. जलमात कधी म्हनले न्हाईत. अन् मी काय म्हनलं? गुमान जेवा, मला भांडी घासायचीत. तेच शेवटचं बोलनं झालं वं."

सविता दारात फोन बघत उभी होती. तिनं मान वर केली. "काही म्हनलात का आत्या?"

"न्हाई. घे गुंडाळून."

तेव्हापासून मी दाराआड आहे. तिचं सगळं मी ऐकलं, पण मला साधं "मग?" म्हणता येत नाही. उद्या कुणाच्या घरी मला अंथरलेलं दिसलं, तर फोन बाहेर चपलांपाशी ठेवा. आत या, पाणी प्या. आणि माहीत असलं तरी विचारा.