पोळ्यातली ऊब

नागावच्या त्या वाडीत पहाटेपासून माणसं जमत. आंब्याच्या फांदीला गांधीलमाश्यांचं कलिंगडाएवढं पोळं होतं. धर्माजी भगत बांबूला वायरीचा थर्मामीटर बांधून तो पोळ्याच्या तोंडात सारायचा. बाहेर हात गारठलेले, आत मात्र तीस अंश. भर उन्हातही आकडा जेमतेम हलायचा. पोळ्यातली माऊली तापलेल्या माणसांचा ताप पोटात घेते, असं तो सांगे. दवाखान्यात गेलात तर घेतलेला ताप ती परत करील, हेही बजावी.

तापानं फणफणलेल्या गोदूबाईंना त्यांचा मुलगा कुलदीप रोज तिथं आणून बसवत होता. माणगावला विज्ञान शिकवणारी त्यांची लेक मृणाली कळताच धावत आली. आईला धड बसवतही नव्हतं. मृणालीनं तिच्या काखेत थर्मामीटर लावला आणि तो भावाच्या हातात दिला. ताप एकशे तीन होता.

"पोळं गरम आहे, दादा. पण आईचा ताप आईतच आहे."

कुलदीपनं आईला उचलून रिक्षात घातलं आणि अलिबाग गाठलं. मृणाली मात्र तिथंच थांबली.

लोक चिडले होते. धर्माजी म्हणाला, "माऊली कोपंल. गावाला भोगावं लागंल."

"माझं नाव सांग तिला," मृणाली म्हणाली. "गावाचं नको."

शेजारच्या गोठ्यात आढ्याला गेल्या वर्षीचं रिकामं पोळं होतं. तिनं ते आणून भगताचीच वायर आत घातली. आकडा बाहेरच्या हवेइतकाच आला. मग आतले अळ्यांच्या खणांचे थर काढून तिनं त्यात गरम पाण्याची छोटी बाटली ठेवली, तशीच दुसरी उघड्यावर. उघडी निवाली, तरी पोळ्यातली कोमटच होती. ती तिनं एकेकाच्या हातात दिली.

माश्या लाकूड चावून कागद करतात, त्याचे पदर एकावर एक लावतात, हे तिनं फाडून दाखवलं. पदरांमधली कोंडलेली हवा गोधडीसारखी ऊब धरते. ऊब माश्यांच्याच अंगाची. गारठ्यात त्या पंखांचे स्नायू थरथरवतात. ऊन वाढलं की पाणी आणून शिंपडतात आणि पंखांनी वारा घालतात.

"मग ताप कुठं जातो?" एका बाईनं विचारलं.

"कुठंच नाही. अंगात वाढत राहतो."

बाईनं मांडीवरचं पोर उचललं आणि ती रस्त्याला लागली. तिच्यामागून आणखी काही उठले, सगळे नाही.

गोदूबाईंना टायफॉइड निघाला. औषधं लागू पडली, त्या घरी आल्या. धर्माजी अजून त्या आंब्याखाली बसतो, म्हणून हे लिहिलं. गांधीलमाशी घर कसं बांधते ते जरूर पाहा, लांबून पाहा. पण तापलेलं माणूस तिच्या पोळ्याखाली बसवू नका. त्याला डॉक्टरकडे न्या.