चौथा विषय

खिडकी बंद व्हायची वेळ होत आली होती आणि उषाच्या फॉर्मवर चौथ्या विषयाची जागा अजून कोरीच होती.

नवीन जालन्यातल्या एका कॉलेजचं ते ऑफिस. बाहेरून बारावीला बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, साल चौऱ्याण्णव. मागं रांग उभी होती. इंग्रजी आणि मराठी तर घ्यायचीच होती. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र हे तीन विषय तिनं घरूनच ठरवून आणले होते, कारण त्यांची गाईडं बाजारात मिळत होती. चौथ्याला अर्थशास्त्र लिहायचं असं नवऱ्यानं सांगितलं होतं. पण रांगेतल्या एका पोरानं त्याचं पुस्तक उघडून दाखवलं, त्यातले आलेख आणि आकडे पाहिले आणि तिचा हात थांबला. दहावीला गणितात ती जेमतेम तरली होती.

"बाई, लिहून राह्यल्या का झोपल्या?" खिडकीतून बद्रीनाथ क्लार्क म्हणाला.

"अर्थशास्त्र अवघड असतं का हो?"

"बाहेरून बसणारी निम्मी पोरं त्याच्यातच उडतात."

"मंग दुसरं काय घेऊ? भूगोल?"

"प्रॅक्टिकलचे विषय तुम्हाला न्हाई भेटत. अर्धमागधी घ्या. लई मार्क पडतात."

"ते शिकवतं कोण इथं?"

बद्रीनाथनं चष्म्यावरून पाहिलं. "शिकवतं कोण म्हंजी? तुम्ही बाहेरून बसून राह्यल्या ना? तुम्हाला कोणताच विषय कोणी न्हाई शिकवणार."

मार्क हा शब्द उषाच्या डोक्यात बसला. नुसतं पास होऊन तिचं भागणार नव्हतं. तिला डी.एड. करून शाळेत शिकवायचं होतं आणि डी.एड.चा नंबर टक्क्यांवर लागायचा. परतूरला दहावी झाली त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. आता पोरगी तीन वर्षांची होती. नवरा वसंता बियाणे कंपनीत होता, पण कायम नव्हता. दर हंगामाला कंपनी ठेवते की काढते याची धास्ती घरात असायचीच. बारावीचा विषय त्यानंच काढला होता. "तू मास्तरीण झाली तर आपलं एकाचं तरी पक्कं होईल," असं तो म्हणायचा.

मागच्या माणसानं "चला की जल्दी" म्हटलं. उषानं अर्धमागधी लिहिलं आणि फॉर्म आत सरकवला. रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की ही कुठली भाषा, कोणाची, कोणत्या लिपीत लिहितात, यातलं काहीच आपल्याला माहीत नाही.

वसंता शनिवारी कंपनीच्या बियाण्याच्या प्लॉटवरून आला. तिनं चहा दिला आणि लगेच सांगून टाकलं.

"अर्ध काय?"

"मागधी."

"ही भाषा बोलतं कोण?"

"आता कोणी न्हाई बोलत."

"मंग तू कोणाशी बोलणार हायेस?" तो चिडला नव्हता, खरंच विचारत होता. त्यामुळं तिला जास्तच भीती वाटली. सोमवारी दोघं ऑफिसात गेले. फॉर्म औरंगाबादला बोर्डाकडं रवाना झाले होते. बद्रीनाथ म्हणाला, "आता बदल होत न्हाई. अन् घाबरता कशापायी? देवनागरीतच असतं ते."

जालन्यातल्या दुकानांत पुस्तक मिळालं नाही. वसंता कंपनीच्या कामाला औरंगाबादला गेला होता, तिथून त्यानं जुनं पुस्तक शोधून आणलं. कोणाच्या तरी पेन्सिलीच्या खुणा त्यात होत्या, पण त्याही तिसऱ्या धड्यापाशी संपत होत्या. उषानं पहिलं पान उघडलं. अक्षरं सगळी ओळखीची आणि अर्थ एकाचाही नाही. तिनं एक ओळ मोठ्यानं वाचली. पुन्हा वाचली. तिला वाटलं, अर्थशास्त्र निदान मराठीत तरी होतं.

त्या ओळी ऐकूनच घरमालकीण प्रेमबाई जिन्यावरून खाली आल्या. साठीच्या, डोक्यावरचा पदर कधी न ढळणाऱ्या. त्यांचं जैन घराणं राजस्थानातून आलेलं, तीन पिढ्या जालन्यातच. खालची खोली त्यांनी उषाला भाड्यानं दिली होती.

"हे काय वाचतीस तू?"

"परीक्षेचं हाय, काकी."

"परीक्षेचं?" प्रेमबाई दारातच उभ्या राहिल्या. "ही तर आमच्या महाराजांची बानी. रोज सकाळी मी हेच म्हणते."

उषा उठलीच. "मंग मला अर्थ सांगा ना. या ओळीचा सांगा."

प्रेमबाईंनी ओळ ऐकली आणि मान हलवली. "अर्थ मला नाही येत, बेटा. लहानपणी पाठ करवलं, तसंच म्हणते. पण स्थानकात महासतीजी हायेत ना, चातुर्मासाला. त्यांना विचारू." मग त्यांचा आवाज उतरला. "पण मार्कांसाठी शिकवतील का, मला नाही माहीत. तू खोटं बोलू नकोस. विचारलं तर खरं सांग."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी स्थानकात गेल्या. जैन साध्वींच्या मुक्कामाची ती जागा, स्वच्छ धुतलेली फरशी. तिघी साध्वी होत्या. त्यातल्या थोरल्या महासतीजी पांढऱ्या वस्त्रात, तोंडावर मुहपत्तीची पट्टी, भिंतीशी टेकून न बसता ताठ बसलेल्या. हात जोडून उषा खाली बसली.

"का शिकायचं आहे?" महासतीजींनी विचारलं.

"मार्क चांगले पडतात म्हणून," उषा म्हणाली. तिच्या मागं प्रेमबाईंनी श्वास रोखला.

महासतीजींनी समोरची पोथी मिटली. मग म्हणाल्या, "आजपर्यंत आलेल्या सगळ्यांनी मला आत्म्याच्या कल्याणासाठी म्हणून सांगितलं. त्यातले किती टिकले, मी मोजलं नाही. उद्यापासून ये. दुपारच्या वेळेला."

पहिल्याच दिवशी त्यांनी पुस्तक मिटायला लावलं. "घरात कोण कोण आहे?"

"सासू गावाकडं असती. मी, मालक, पोरगी."

"सासूला या भाषेत सासूच म्हणतात. सुनेला सुण्हा. हात म्हणजे हत्थ. कान म्हणजे कण्ण. दूध?"

"दुद्ध?" उषा चाचरत म्हणाली.

"बघ. निम्मं तुझ्या घरातच आहे."

घरी येताना उषा रस्त्यानं दिसेल त्याला शब्द लावत आली. पण ही मजा आठवडाभरच टिकली. विभक्ती सुरू झाल्या, क्रियापदांची रूपं सुरू झाली, तशी तिची झोप उडाली. आज पाठ केलेलं उद्या पुसून जायचं. महासतीजी कधी रागावल्या नाहीत. चुकलं की फक्त "पुन्हा" म्हणायच्या. त्या "पुन्हा"ची उषाला इतकी धास्ती बसली, की भाकरी थापताना तिचे ओठ हलत असायचे.

तिला खरी भीती दिवाळीनंतरची होती. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, मग साध्वी एका गावी थांबत नाहीत. परीक्षा तर फेब्रुवारीच्या शेवटाला. पुस्तकातले शेवटचे धडे राहूनच गेले. साध्वी पायी पुढच्या गावी निघाल्या, त्या विहाराच्या सकाळी प्रेमबाईंच्या बरोबर उषाही गर्दीत चालत गावाबाहेरपर्यंत गेली.

"महासतीजी, शेवटचे धडे न्हाई झाले," ती घाईघाईनं म्हणाली. एवढंच बोलायचं सुचलं.

"ते तू कर," महासतीजी म्हणाल्या आणि चालू लागल्या. अनवाणी पावलं, मागं वळून पाहणं नाही. उषाला रडू आलं. त्यात राग पण होता.

डिसेंबरात वसंता चार दिवस घरी होता. त्यानं तिचं वेळापत्रक पाहिलं. इंग्रजीच्या पुस्तकाचे पहिले धडे सोडले तर पानं नव्यासारखी होती. समाजशास्त्राचं गाईड तिनं उघडलंच नव्हतं.

"एका विषयापायी पाच घालवशील तू," तो म्हणाला.

"शिकवायला कोणी होतं तवर ते करून घेतलं. बाकीचं माझं मी करीन म्हटलं."

"कधी करणार? इंग्रजीत गेलीस तर सगळंच गेलं. ते मार्क मंग काय करायचे?"

तो बोलला ते बरोबर होतं, म्हणूनच तिला ते सहन झालं नाही. ती न जेवता बसून राहिली. मग उठून इंग्रजीचं पुस्तक घेतलं. त्या दिवसापासून तिनं सकाळ इंग्रजीला दिली, दुपार गाईडांना आणि अर्धमागधीला पोरगी झोपेल तेवढाच वेळ. कोणत्याही विषयाला बसली की उरलेल्या पाचांची भीती वाटायची. पोरगी जास्त वेळ वर प्रेमबाईंकडंच असायची. एकदा तिनं हाक मारली तेव्हा उषानं "पुन्हा" म्हटलं आणि स्वतःच दचकली.

परीक्षा सुरू झाली. केंद्राच्या बाहेर भिंतीला शिड्या लावाव्यात तशी माणसं लटकलेली, खिडक्यांतून चिठ्ठ्या फेकणारी. इंग्रजीच्या दिवशी तिच्या बाकाशी कोणाची तरी चिठ्ठी पडली, तिनं ती चपलेनं लांब सारली आणि पुढचा प्रश्न काय होता तेच विसरली. निबंध अर्धा राहिला. त्या दिवशी तिनं घरी कोणालाच पेपर कसा गेला ते सांगितलं नाही.

अर्धमागधीच्या दिवशी मात्र केंद्राबाहेर सामसूम होती. त्या वेळेला उर्दूची थोडी मुलं आणि उषा, एवढेच एका वर्गात. घंटा झाली. उर्दूच्या प्रश्नपत्रिका वाटल्या गेल्या. उषाचा हात रिकामाच राहिला.

"माझा पेपर?"

पर्यवेक्षकानं पाकिटं उलटसुलट केली. "तुमचा कोणता?"

"अर्धमागधी."

तो बाहेर गेला तो बराच वेळ आलाच नाही. उर्दूची मुलं लिहायला लागली होती. पेनांचा आवाज तिला ऐकू येत होता. शेवटी केंद्रसंचालक स्वतः आले, घाम पुसत.

"बाई, तुमच्या विषयाचं पाकीट आमच्याकडे आलेलंच नाही. तुम्ही ऑफिसात चला. आपण बोर्डाला अर्ज लिहू. ऑक्टोबरला पुन्हा बसता येईल."

ऑक्टोबर म्हणजे डी.एड.चं वर्ष गेलं. आयुष्यात उषानं कोणा साहेबाला नाही म्हटलं नव्हतं.

"मी उठत न्हाई, सर."

"अहो, पण पेपरच नाही तर बसून काय करणार?"

"उठले तर गैरहजर लागंल. तुम्ही फोन करा. मी बसते."

ते फोन करायला गेले. ऑफिस समोरच होतं आणि त्यांना फोनवर ओरडून बोलावं लागत होतं. सगळ्या वर्गाला ऐकू येत होतं. "अर्थशास्त्र नाही हो! अर्ध! अर्धमागधी! हो, एकच बाई आहे... एक असली म्हणून काय झालं?" शेवटचं वाक्य ऐकून उषानं मान वर केली.

मग नुसतं थांबणं. थांबता थांबता तिला आपल्या डोक्यातून एकेक रूप निसटून चाललंय असं वाटायला लागलं. सुनेचा शब्द आठवेना. हाताचा आठवेना. तिनं डोळे मिटले आणि ओठ हलवायला सुरुवात केली, तसा पर्यवेक्षक संशयानं जवळ येऊन उभा राहिला.

उर्दूची मुलं पेपर देऊन निघायच्या बेतात असताना अंगणात स्कूटर थांबली. जुन्या जालन्यातल्या एका केंद्रावर या विषयाला दोघं होते, त्यातला एक आलाच नव्हता. त्याची प्रश्नपत्रिका सील करून आणली होती.

"तुम्हाला पूर्ण वेळ मिळेल," केंद्रसंचालक म्हणाले. "मी स्वतः थांबतो."

उषानं कागद हातात घेतला तेव्हा क्षणभर तिला त्या न आलेल्या माणसाचीच भीती वाटली. त्यानंही कुठल्या तरी खिडकीशी हाच विषय लिहिला असेल. त्याला कोणी महासतीजी भेटल्या नसतील. मग तिनं पहिला उतारा वाचला. तो शेवटच्या धड्यांतला नव्हता. रिकाम्या वर्गात ती लिहीत राहिली. दोन प्रश्नांची उत्तरं तिला आली नाहीत. ती तिनं कोरी सोडली नाहीत, सुचेल ते लिहिलं.

बाहेर आली तेव्हा उन्हं उतरली होती. प्रेमबाई पोरीला कडेवर घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. दुपारपासून त्या तिथंच होत्या. "मला वाटलं, तुला पोलिसांनी धरलं," असं म्हणून त्या रस्त्यातच रडायला लागल्या.

निकालाच्या दिवशी उषा गेली नाही. वसंता गेला आणि आला तो फाटकापासूनच ओरडत. "पास!"

"इंग्रजी?"

"अडतीस."

तिनं डोळे मिटले. "अन् ते?"

"ब्याऐंशी." तो खाटेवर बसला. "त्यानं टक्के वर काढले. पण मी बोललो ते काय खोटं नव्हतं, अडतीस बघ."

"न्हाई, खोटं नव्हतं," उषा म्हणाली. मग दोघंही हसायला लागले, आणि हसता हसता तिला पदर डोळ्याला लावावा लागला.

डी.एड.च्या पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. दुसरी लागेपर्यंतचे दिवस परीक्षेपेक्षा वाईट गेले. दुसऱ्या यादीत नाव होतं, खूप खाली, पण होतं.

पावसाळ्यात स्थानकात दुसऱ्या साध्वी आल्या. महासतीजींचा चातुर्मास त्या साली नाशिकच्या बाजूला होता. प्रेमबाईंच्या नात्यातली माणसं तिकडं दर्शनाला निघाली, त्यांच्याबरोबर त्यांनी निकाल कळवला. माणसं परत आली तेव्हा उषा कॉलेजातून येऊन पीठ मळत होती.

"काय म्हणाल्या?" तिनं हातावरचं पीठ झटकत विचारलं.

"खूश झाल्या असतील," प्रेमबाई म्हणाल्या, "पण तसं काही नाही बोलल्या. विचारलं, ती आता काय वाचते?"

परीक्षा झाल्यापासून उषानं ते पुस्तक उघडलं नव्हतं. डी.एड.चे पाठ, टाचणं, पोरीचं जेवण, यात दिवस संपायचा. आणि कॉलेजात रोज कोणी तरी उठवून तुमचं नाव चुकून आलंय म्हणेल, असं अजूनही वाटायचं. तिनं परातीत थोडं पाणी घातलं.

"काकी, परत कोणी जाणार हाय का तिकडं?"

"दिवाळीआधी जाईल कोणी तरी."

"मंग सांगा, शेवटचे धडे राह्यलेत अजून. ते करून राह्यली म्हणावं."

"करतीस का खरंच?" प्रेमबाईंनी विचारलं. "मी खोटं नाही कळवणार हां."

"दिवाळीला वेळ हाय ना, काकी," उषा म्हणाली आणि पुन्हा पीठ मळू लागली.