ऐंशीचा पल्ला

बाबांच्या जोडीने उडणारा वैमानिक लढाईत पडला, तेव्हा चौकशीवाल्यांनी सोपा हिशेब मांडला : क्षेपणास्त्राचा पल्ला ऐंशी किलोमीटर, शत्रू चाळीसवर, मग तुम्ही डागलं का नाही? बाबा सांगून थकले, की ऐंशी हा उंचावरच्या विरळ हवेतला, समोरून अंगावर येणाऱ्या विमानाचा आकडा. शत्रू जोडीदाराच्या मागे लागून खाली, दाट हवेत, आमच्यापासून लांब पळत होता. तिथे क्षेपणास्त्र विसावरच धापा टाकतं. मी जवळ जायला बघत होतो.

कागदावर ‘कुचराई’ लागली ती लागलीच. बाबांचं खरं मानणारी एकटीच उरली : जोडीदाराची बायको. दर रविवारी चहाला यायची. त्या एका गिऱ्हाइकावर बाबांच्या अब्रूचं दुकान चालू होतं.

बाबांचा मुलगा लढाऊ विमानांचे संगणकी खेळ बनवणाऱ्या कंपनीत. त्याने बाबांना विचारून विचारून हवेचा दाटपणा खेळात घातला. पडद्यावर खालच्या दाट हवेत क्षेपणास्त्र विसावरच दमून पडलं, तेव्हा बाबा लहान पोरासारखे म्हणाले, “परत डाग रे!”

खेळ बाजारात गेला आणि शिव्यांचा पाऊस पडला. ‘ऐंशी सांगून विकता? माझ्या आजीची चप्पल याहून लांब जाते!’

साहेब म्हणाले, “पल्ला वाढव. लोकांना माहितीपत्रकातला आकडा हवा असतो.”

“पण जाहिरातीत ‘अगदी खऱ्यासारखा’ लिहिलंय.”

“मग? ते खोड म्हटलं का मी?”

मुलाची बढती तोंडावर होती. त्याने पल्ला वाढवला. घरी सांगायचं मात्र उद्यावर ढकलत राहिला; असले उद्या त्याच्याकडे भरपूर होते.

रविवारी तो आंघोळ करून बाहेर आला, तर बाबांनी खेळ लावलेला. शेजारी जोडीदाराची बायको, हातात कप.

“बघा वहिनी, अगदी त्या दिवसासारखं. खाली, पाठमोरा, चाळीसवर. आता कसं दमतं बघा.”

“बाबा, थांबा—”

बाबांनी बटण दाबलं. क्षेपणास्त्र काही दमलं नाही. सरळ गेलं, लागलं. वर अभिनंदनाची तुतारी वाजली.

तिने कप खाली ठेवला. “लागलं की, भावजी.”

मुलगा पुढे झाला. “काकू, हा आकडा मी फुगवलाय. साहेबांनी सांगितलं म्हणून. आधी विसावरच पडायचं, शप्पथ!”

“म्हणजे बाबा सांगतात तेवढंच.”

“हो ना!”

“मुलगा आहेस. बापासाठी एवढं बोलणारच.” तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

ती पर्स घेऊन उठली. सवयीने बाबाही उठले, तिला फाटकापर्यंत सोडायला.

“बसा भावजी,” ती म्हणाली. “तुमची सोबत कशी असते, ते कळलं मला.”