न ऐकलेला आकडा

पाथर्डीत मुक्ताबाई सिस्टरांच्या घरी, कपाटाच्या मधल्या फळीवर बसलेला मी एक जुना रक्तदाबमापक आहे, मित्रांनो. तुम्ही मला बीपीचं मशीन म्हणता. हल्लीची मशीनं बटण दाबलं की आपली आपण आकडा दाखवतात. माझं तसं नाही. माझ्या पोटात पारा आहे. माझा कापडी पट्टा दंडाला बांधायचा, रबरी फुगा दाबून हवा भरायची, मग हवा हळूहळू सोडत पारा उतरताना बघायचा आणि त्याच वेळी स्टेथोस्कोप कानाला लावून धमनीतला ठोका ऐकायचा. ठोका सुरू होतो तो वरचा आकडा, बंद होतो तो खालचा. म्हणजे मी काम अर्धंच करतो. उरलेलं अर्धं माणसाच्या कानानं करायचं असतं.

माझा जन्म कारखान्यातला. कोणीतरी काचेच्या नळीवर बारीक रेघा मारल्या, कोणीतरी पारा भरला, आणि राखाडी पत्र्याच्या डब्यात मी बंद झालो. मुक्ताबाई नोकरीला लागल्या त्या वर्षी त्यांनी मला घेतलं. पुढची तीस वर्षं मी त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीतून तालुक्यातल्या वाड्यावस्त्या हिंडलो. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या दिवशी सिस्टर पहाटेच वस्तीवर पोहोचायच्या आणि ट्रॉलीत चढण्याआधी एकेका पोटुशी बाईचा दंड माझ्या पट्ट्यात घ्यायच्या. काहींना त्यांनी ट्रॉलीतून खाली उतरवून दवाखान्यात धाडलं. त्यातल्या कितीतरी जणींची पोरं आज शाळेत जातात. सिस्टरांच्या मशीनवर लोकांचा भारी भरवसा होता.

मग बॅटरीवरची मशीनं आली. पारा विषारी, तो दवाखान्यातून हद्दपार करा, असं ठरलं. सिस्टरही निवृत्त झाल्या. मी कपाटात गेलो. माझ्या पट्ट्यावर धूळ बसली आणि फुग्याचं रबर कडक होत चाललं.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात सिस्टरांनी मला बाहेर काढलं. त्यांनी आणि निवृत्त विज्ञान शिक्षक राधाकृष्ण सरांनी मिळून एक वर्ग सुरू केला होता. बारावीला कला शाखा घेतलेल्या, पण नर्सिंगला अर्ज करायचा म्हणणाऱ्या मुलींसाठी. शाळेला सुट्टी होती, प्रयोगशाळा रिकामी होती. दोन वर्षांचं विज्ञान सहा आठवड्यांत उरकायचं होतं. सकाळी सर रसायन आणि जीवशास्त्र शिकवत, दुपारी सिस्टर हातानं करायची कामं शिकवत. नवं मशीन त्यांच्याकडे होतं, तरी त्या मला घेऊन आल्या. आधी कानानं शिका, मग बटण दाबा, असं त्यांचं म्हणणं.

त्या वर्गात ज्ञानेश्वरी होती. एकोणीस वर्षांची, जीपनं पाऊण तास लांबच्या वस्तीवरून येणारी. तिचे वडील गहिनीनाथ आणि आई वर्षातले सहा महिने ऊस तोडायला जात. एकदा फडातच आईच्या पायावर कोयता बसला होता. तेव्हा साखर कारखान्यावरच्या एका नर्सनं ती जखम न कंटाळता महिनाभर रोज धुऊन बांधली. ज्ञानेश्वरी तेव्हा बारा वर्षांची होती आणि पाण्याचं भांडं धरून शेजारी उभी असायची. आपल्याला हेच काम करायचं, हे तिचं तेव्हाच ठरलं. पण गावच्या शाळेत बारावीला कला शाखेवाचून दुसरी शाखाच नव्हती.

पहिल्याच आठवड्यात सरांनी तिला सोडियमचं चिन्ह विचारलं. ती म्हणाली, "एस ओ." वर्ग हसला. सर रागावले नाहीत, त्यांनी फळ्यावर बरोबर चिन्ह लिहून दाखवलं, पण ज्ञानेश्वरीचे कान लाल झाले ते जीपमध्ये बसेपर्यंत तसेच होते. त्या दिवसापासून तिनं मनाशी खूणगाठ बांधली. काहीही झालं तरी "येत नाही" म्हणून सांगायचं नाही. सरांनी "समजलं का?" विचारलं, की सगळ्यांत आधी तिची मान हलायची.

तिसऱ्या आठवड्यात सिस्टरांनी मला टेबलावर उघडलं आणि रक्तदाब कसा मोजायचा ते दाखवलं. मुली गर्दी करून उभ्या होत्या. ज्ञानेश्वरी मागे होती, तिला पाठी दिसल्या, हात दिसले नाहीत. पुढे ये, असं सिस्टर दोनदा म्हणाल्या. तिनं दिसतंय म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सरावासाठी शाळेचे शिपाई नबीलाल पुढे आले. प्रयोगशाळेचं कुलूप तेच उघडायचे, माठ तेच भरायचे. अठ्ठावन्न वर्षांचा, अंगानं भरलेला, सगळ्या मुलींना "बेटा" म्हणणारा माणूस. ज्ञानेश्वरीसमोर बसून त्यांनी बाही वर केली आणि म्हणाले, "बघ गं बेटा, सकाळधरनं डोकं लई जड हाय. रोशनबी दवाखान्यात जा म्हनती. तू सांग, जाऊ का नको."

तिनं पट्टा बांधला, हवा भरली, हवा सोडली. मी माझं काम केलं. पारा एकशे शहाण्णववर आला तेव्हा तो ठोक्याबरोबर थरथरू लागला. एकशे बारापर्यंत तो थरथरत राहिला. इतका चढलेला दाब मी फार थोड्या दंडांत पाहिला होता. पण ज्ञानेश्वरीला काहीच ऐकू आलं नाही. तिनं स्टेथोस्कोप कानात उलटा घातला होता. त्याची टोकं पुढच्या बाजूला वळलेली असावी लागतात, तिची मागे वळली होती. हे तिला ठाऊक नव्हतं. आपलेच कान नालायक आहेत, असं तिला वाटलं. शेजारच्या टेबलावरच्या वर्गमैत्रिणीला, हुमेराला, आधीच्या पाळीत ठोका ऐकू आला होता आणि ती आनंदानं आकडा लिहीत होती. ज्ञानेश्वरीनं तिच्याकडे पाहिलं, नबीलालकडे पाहिलं, आणि वहीत लिहिलं, एकशेवीस, ऐंशी. पुस्तकात छापलेला, चांगल्या माणसाचा आकडा.

"चांगलं हाय, चाचा," ती म्हणाली.

सिस्टरांनी रांगेनं वह्यांवर सह्या केल्या. त्या घाईत होत्या, त्यांनी परत मोजून बघितलं नाही. नबीलालनी बाही खाली केली आणि खूश होऊन माठ भरायला गेले. सिस्टरांचं मशीन होतं ते. घरी जाऊन नबीलालनी बायकोला, रोशनबीलाही तसंच सांगितलं.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो. मी डबा मिटून गप्प पडून राहिलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी नबीलाल शाळेच्या नळापाशी कोसळले. तोंड वाकडं झालं, उजवा हात आणि पाय लुळे पडले. त्यांना जीपमधून नगरला नेलं. जीव वाचला, पण वाचा अडखळू लागली.

सिस्टरांनी वह्या काढून पाहिल्या. एकशेवीस, ऐंशी वाचून त्या खुर्चीत बसल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पारा कमी झाला असेल, फुग्यातून हवा गळत असेल, म्हातारं मशीन मी मुलींच्या हातात कशाला दिलं, असं त्या सरांजवळ पुन्हा पुन्हा बोलल्या. मला प्रयोगशाळेच्या कपाटात टाकलं गेलं. सराव बंद झाला. तो आकडा माझा नव्हताच, हे त्या खोलीत फक्त ज्ञानेश्वरीला ठाऊक होतं. ती मान खाली घालून सजीवांच्या पेशीची आकृती काढत राहिली. त्या आठवड्यात सरांनी विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं तिला खरोखर येत होती, तरी तिचा हात वर झाला नाही. जेवणाचा डबा ती न उघडताच परत नेऊ लागली.

आठ दिवसांनी दुपारच्या सुट्टीत ती हुमेराला घेऊन कपाटाशी आली. मला बाहेर काढून तिनं पट्टा हुमेराच्या दंडाला बांधला. मशीन खरंच बिघडलं असेल तर आपला दोष तेवढा हलका होईल, अशी आशा तिच्या मनात असावी. तिनं स्टेथोस्कोप कानात घातला, तेवढ्यात हुमेरा सहज म्हणाली, "अगं, उलटं घातलंस. टोकं पुढं पाहिजेत."

ज्ञानेश्वरीनं तो फिरवून घातला. हवा सोडली, आणि एकशे दहाजवळ तिला ठोका ऐकू आला. टक, टक, टक, स्वच्छ. तिच्या आयुष्यातला तो पहिला ठोका. एरवी तिला केवढा आनंद झाला असता. तिनं स्टेथोस्कोप काढला, भिंतीकडे तोंड केलं आणि पदरासारखी ओढणी तोंडात कोंबून रडली. हुमेराला काहीच कळेना.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरायच्या आधी ती सिस्टरांच्या घरी गेली. दारातच उभी राहून म्हणाली, "सिस्टर, मशीन चांगलं हाय. मला त्या दिवशी ऐकूच आलं नव्हतं. मी मनानं लिहिलं."

ज्ञानेश्वरीला वाटलं, आता आपला वर्ग संपला, अर्ज संपला. सिस्टरांनी चपला घातल्या. "आकडा तुझा आहे," त्या म्हणाल्या, "पण खाली सही माझी आहे. मी न बघता केली. दोघींनी जायचं."

नबीलाल घरी आले होते. ओसरीत खाटेवर पडून होते. रोशनबी त्यांना चमच्यानं पेज भरवत होत्या. ज्ञानेश्वरीनं सगळं सांगितलं, एकही गोष्ट लपवली नाही. सिस्टरांनी आपलीही चूक सांगितली. नबीलालनी ऐकलं आणि मान भिंतीकडे वळवली.

रोशनबींनी वाटी खाली ठेवली. आवाज चढवला नाही. "तुला ऐकू आलं न्हाई, तर न्हाई म्हनायचं हुतं," त्या म्हणाल्या. "तेवढ्या एका शब्दावर मी यांना दवाखान्यात नेलं आसतं."

पुढे किती वर्षं हे वाक्य ज्ञानेश्वरीबरोबर चालेल, कोण जाणे. सिस्टरांनी औषधांची चिठ्ठी पाहिली आणि दाब रोज मोजायला लागेल, असं सांगितलं. इथं रोज कोण येणार, असं रोशनबी म्हणाल्या. ज्ञानेश्वरी हलक्या आवाजात म्हणाली, "मी येईन."

रोशनबींनी तिच्याकडे नीट पाहिलं. तिला नको म्हणायचा त्यांना पुरेपूर हक्क होता.

"ये," त्या म्हणाल्या. "पर जे हाय तेच सांगायचं."

दुसऱ्या दिवसापासून ज्ञानेश्वरी पहिल्या जीपनं येऊ लागली. सिस्टर नवं मशीन घेऊन सोबत यायच्या, आधी तिनं माझ्यावर मोजायचं आणि मग त्यांनी पडताळायचं. पहिल्या सकाळी तिनं पट्टा बांधला आणि स्टेथोस्कोपची टोकं पुढे वळवून कानात घातली. शेजारी भांडी घासली जात होती, बाहेर शेळी ओरडत होती. पारा खाली आला. सिस्टर, रोशनबी, दोघी तिच्या तोंडाकडे बघत होत्या. तिचे कान पुन्हा लाल झाले.

"चाची, मला नीट ऐकू आलं न्हाई," ती म्हणाली. "थोडं थांबून परत बघते."

कोणी हसलं नाही. रोशनबी उठल्या, शेळीला लांब बांधून आल्या, भांडी घासणाऱ्या बाईला थांबवलं. दुसऱ्यांदा तिला ठोका ऐकू आला. तिनं सांगितलेला आकडा आणि नव्या मशीनचा आकडा जवळपास एकच निघाला.

त्यानंतर वर्गातही ती बदलली. न समजलेलं ती सरांना तिथल्या तिथं विचारू लागली, कधी एकच गोष्ट तीनतीनदा. वर्ग संपला तरी महिनाभर तिनं नबीलालकडे येणं सोडलं नाही. प्रवेशाच्या दुसऱ्या यादीत तिचं नाव लागलं आणि ती नगरला नर्सिंगच्या वसतिगृहात गेली. नबीलाल काठी घेऊन चालू लागले, पण उजवा हात काही परत आला नाही. प्रयोगशाळेचं कुलूप आता दुसरा माणूस उघडतो. ही गोष्ट गोड करून मी तुम्हाला सांगणार नाही.

त्यांनी तिला माफ केलं का, ते मला ठाऊक नाही. माफीचा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. पण पहिले काही दिवस भिंतीकडे बघत दंड पुढे करणारा तो माणूस पुढे पुढे तिच्याकडे तोंड करून बसू लागला. पारा खाली आला, की वाकड्या ओठांनी, एकेक अक्षर जुळवत विचारायचा, "ऐकू... आलं?" आणि ती खरं असेल तेच सांगायची. सुट्टीत ती पाथर्डीला आली, की आजही आधी त्यांच्याकडे जाते आणि आजही ते तेवढंच विचारतात.

मित्रांनो, माझं वय झालं. तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं जुनं मशीन असेल, तर ते फोडू नका, पाऱ्याशी खेळू नका, दवाखान्यातल्या जाणत्या माणसाच्या हाती द्या. एवढी काळजी माझी घ्या. आणि उद्या तुमच्यापुढे कोणी भरवशानं दंड पुढे केला, आणि तुम्हाला ऐकू आलं नाही, तर लाजू नका. नाही म्हणा, आणि परत बघा.