ताईच्या डोळ्याची उंची

ट्रायपॉडमधलं फौजदारला काही कळत नाही, असं म्हणायची घरात कोणाची छाती नव्हती.

फौजदार हे तिचं नाव नव्हतं आणि हुद्दाही नव्हता. लहानपणी खेळात कोणी कुठे उभं राहायचं हे ती ठरवायची, म्हणून थोरल्या बहिणीने तिला ते नाव ठेवलं आणि ते जन्माचं चिकटलं. पुढे ती जमीन मोजणीच्या खात्यात लागली आणि निवृत्त होईपर्यंत खांद्यावर लाकडी ट्रायपॉड टाकून टेकड्या, शेतं, रस्ते मोजत हिंडली. पाय जमिनीत रोवायचे, टाच मारून दाबायचे, वर यंत्र चढवायचं, नळीतला बुडबुडा मधोमध आणून पातळी साधायची, सगळे स्क्रू आवळायचे. त्यानंतर कोणी यंत्राला हात लावला तर त्याची खैर नसे. तिने मांडलेला ट्रायपॉड हलला असं खात्यात कोणाला आठवत नव्हतं. या सवयीने तिला दोन गोष्टी दिल्या: चांगलं नाव आणि कायमचा दुखरा उजवा खांदा.

निवृत्तीनंतर दोघी बहिणी पक्षी बघायला लागल्या. खरं म्हणजे पुन्हा लागल्या. ताई शाळेत शिकवायची, दर थंडीत वर्ग घेऊन खाडीवर जायची, आणि धाकटीला पक्ष्यांचं वेड तिनेच लावलं होतं. गावाबाहेर मातीचा लांबच लांब बांध होता. बांधाच्या टोकाला ओहोटीच्या वेळी चिखलाचं मैदान उघडं पडायचं आणि थंडीत तिथे दूरदेशीचे पाणपक्षी उतरायचे. त्यातला एक होता तपकिरी, उंच पायांचा, लांब वाकड्या चोचीचा. चोच मुळापर्यंत चिखलात खुपसायचा आणि आतून खेकडा ओढून काढायचा. त्याचं पुस्तकातलं नाव दोघींना येत होतं, पण घरात तो वाकडोबा होता.

यंदा मात्र ताईचे हात थरथरायला लागले. उजवा जास्त, डावा कमी. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, जिवाला धोका नाही. जिवाला नव्हता, पण दुर्बीण डोळ्याला लावली की पक्षी, पाणी, आभाळ सगळं एकदमच नाचायला लागायचं. बांधावर एकदोनदा झटून पाहिल्यावर ताईने दुर्बीण गळ्यातून काढली आणि बहिणीच्या गळ्यात घातली.

"तूच बघ आणि मला सांग," ती म्हणाली.

ताईने हे हसत हसत म्हटलं. फौजदारला मात्र ते फार लागलं. जिने आपल्याला बघायला शिकवलं तिने आता ऐकण्यावर समाधान मानायचं, हे तिला अजिबात मान्य नव्हतं. आणि जे मान्य नाही ते होऊ द्यायचं नाही, हा तिचा खाक्या होता.

उपाय घरातच होता. शाळा सोडताना सहकाऱ्यांनी ताईला एक स्कोप दिला होता, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण. ती हातात धरायची नसते, ट्रायपॉडवर बसवायची असते, त्यामुळे हात थरथरले तरी बिघडत नाही. अडचण इतकीच की त्याचा जुना लोखंडी ट्रायपॉड उचलला की फौजदारचा खांदा ठणकायचा. बांधावर गाडी जात नव्हती.

"मी नेतो की उचलून," फौजदारचा नवरा म्हणाला.

"अहो, तुम्ही जिना उतरताना गुडघ्यांची मनधरणी करता. तुम्हाला कोण उचलून आणणार?"

नवऱ्याने वर्तमानपत्र परत उघडलं.

तेव्हा हलका ट्रायपॉड घ्यायचं ठरलं. घाई होती, कारण ऊन तापू लागलं की पक्षी परतीच्या वाटेला लागतात, आणि पुढच्या थंडीपर्यंत ताईचे हात काय म्हणतील हे कोण सांगणार? फौजदार एकटीच दुकानात गेली. ट्रायपॉड घ्यायला जोडीला कोणी हवं असतं, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

दुकान कॅमेऱ्यांचं होतं. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून बोलणारा, सौम्य माणूस होता. त्याने आधी जो ट्रायपॉड काढला त्याचे पाय अगदी बारीक होते आणि प्रत्येक पायातून एकात एक नळ्या निघतच राहिल्या.

"एकदम हलका, मॅडम. बॅगेत मावतो."

फौजदारने सगळ्या नळ्या बाहेर काढल्या, बरोबर आणलेला स्कोप वर चढवला आणि त्याला एक टिचकी मारली. मग आत डोळा लावून समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी बघत राहिली. पाटी बराच वेळ थरथरत होती.

"मावू दे बॅगेत. तिथेच राहू दे," ती म्हणाली. "आणि हा मधला दांडा वर ओढून उंची वाढवतात ना, तोही दाखवू नका. तीन पायांवर चौथा एकटा उभा केला की तो डुलणारच."

दुकानदाराने मग कार्बन फायबरचे, जाड नळ्यांचे, कमी सांध्यांचे पाय काढले. फौजदारने ते वरून दाबले, पिळले, टिचकी मारली. पाटी जरा हलली आणि लगेच थांबली. पाय उचलून तिने डाव्या खांद्यावर ठेवले, मग दुखऱ्या उजव्या. खांदा गप्प राहिला. इथपर्यंत तिची निवड अचूक होती, आणि हे दुकानदारानेही कबूल केलं.

चुकलं ते हेडमध्ये. पायांच्या डोक्यावर जो सांधा बसतो आणि ज्यावर स्कोप फिरतो, तो. दुकानदाराने लांब दांडी असलेलं एक हेड पुढे केलं. दांडी धरायची आणि स्कोप हवा तिकडे न्यायचा. पण फौजदारची नजर मागच्या फळीवर गेली होती. तिथे दातेरी चाकांचं एक छोटं हेड होतं. एक चाकी फिरवली की स्कोप केसभर बाजूला, दुसरी फिरवली की केसभर वर, आणि सोडला तिथे खिळल्यासारखा. थेट तिच्या मोजणीच्या यंत्रासारखं. तिला माहेरचं माणूस भेटल्याचा आनंद झाला.

"पक्ष्यांसाठी लोक हे नेत नाहीत, मॅडम," दुकानदार म्हणाला.

"लोकांचं मला सांगू नका. लोकांना जन्मात पातळी साधता येत नाही."

दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि हेड खोक्यात घातलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटी गाठून दोघी बांधाच्या टोकाला पोचल्या. फौजदारने ट्रायपॉड मांडला तो असा की बघत राहावं. पाय रोवले, टाच मारली, बुडबुडा मधोमध आणला. डोळा लावला, चाक्या फिरवल्या, आणि वाकडोबा बरोबर मधोमध आला. एकेक पीस दिसत होतं.

"ये ताई. बघ."

ताई पुढे झाली, पण डोळा लावायची नळी तिच्या कपाळाच्याही वर होती. फौजदार उंच, ताई तिच्या खांद्याला लागणारी. पाय खाली घेतले, पुन्हा बुडबुडा, पुन्हा चाक्या. एव्हाना वाकडोबा चार पावलं पुढे गेला होता. त्याला पुन्हा मधोमध आणला. ताईने डोळा लावला तोवर तो आणखी पुढे गेला. ताईने चाकी धरली, पण थरथरत्या बोटांना ती बारीक चाकी सापडेना, आणि सापडली तेव्हा भलत्याच बाजूला फिरली.

"काय दिसतंय?" फौजदारने विचारलं.

"चिखल," ताई म्हणाली. "छान आहे. अगदी स्थिर आहे."

असं तीनचारदा झालं. शेवटी पक्षीच उडाला. ताईने पाठ सरळ केली, बहिणीच्या दंडावर हात ठेवला आणि मऊ आवाजात म्हणाली, "हे बघ, तुझी फार धावपळ होते. पुढच्या वेळी तू एकटी ये. घरी येऊन सांग मला. तू सांगतेस छान."

परतताना फौजदार ट्रायपॉड खांद्यावर टाकून झपाझप पुढे चालत राहिली. तिला राग आला होता आणि तो सगळा स्वतःवर होता. तिच्या आयुष्यात तिने मोजलेली जमीन कधी चार पावलं पुढे गेली नव्हती. जे हलत नाही ते बघायचं साधन तिने हलणाऱ्यासाठी घेतलं होतं. आणि ते घेतलं होतं आपल्या हातासाठी, आपल्या उंचीसाठी. ज्या माणसासाठी हा सगळा खटाटोप, त्याला तिने दुकानात नेलंच नव्हतं. इतकी मोठी चूक तिच्या हाताखालच्या कोणी केली असती, तर तिने त्याला उभं सोललं असतं.

पण चूक कळल्यावर कुढत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ती ताईला घेऊन दारात हजर होती.

"हेड बदलायचं," तिने दुकानदाराला सांगितलं. "तुमचं बरोबर होतं. पायही बदलायचे. आधी उंची बघू."

तिने ताईला काउंटरसमोर उभं केलं आणि तिच्या डोळ्याच्या रेषेत हात धरला.

"ही उंची. यावर एक बोटही नको."

"अगं, मग तुला वाकावं लागेल," ताई म्हणाली.

"वाकेन. उंच माणसाला वाकता येतं, बुटक्याला उंच होता येत नाही."

"बुटकी कोणाला म्हणतेस गं?"

"मोजमाप सांगतेय, ताई."

उंची कमी झाली तसे पायही आखूड लागले आणि आखूड पाय आणखी हलके निघाले. ही गोष्ट आधी का सुचली नाही म्हणून फौजदार मनात चरफडली. मग तिने दांडीवालं हेड मागितलं, वर स्कोप चढवला आणि दांडी ताईच्या हातात दिली.

ताईने डोळा लावला आणि लगेच मागे घेतला. हात थरथरला की दांडी थरथरायची, दांडीबरोबर स्कोप.

"नाचतंय सगळं," ती म्हणाली. "राहू दे ना."

फौजदारचा हात सवयीने आवळायच्या स्क्रूकडे गेला. आवळला की सगळं थांबणार होतं, आणि पक्षीही हातचा जाणार होता. तिने हात तसाच ठेवला आणि दुकानदाराला विचारलं, "पूर्ण न आवळता नुसतं जड करता येतं का? म्हणजे फिरेल, पण मुश्किलीने?"

दुकानदाराने बाजूची दुसरी चकती दाखवली. आत घट्ट तेलासारखं काहीतरी असतं, ही चकती फिरवली की दांडी जड जाते, असं त्याने सांगितलं. फौजदारने ती फिरवली. ताईची थरथर कमी झाली. आणखी फिरवली.

"एवढं जड कोणी ठेवत नाही, मॅडम."

"आम्ही ठेवतो," फौजदार म्हणाली आणि शेवटपर्यंत फिरवली.

मग तिने दांडी उजवीकडून काढून डावीकडे लावली. स्कोपचं नाक खाली झुकत होतं म्हणून तो खालच्या पट्टीवर जरा मागे सरकवला, दोन्हीकडचं वजन सारखं केलं आणि हात सोडून पाहिलं. तो होता तिथे राहिला. ताईने डाव्या हाताने दांडी धरली. हात थरथरतच होता. पण ती बारीक थरथर त्या जड सांध्यात जिरून जात होती आणि हाताचा सावकाश रेटा तेवढा पुढे पोचत होता. ताईने दांडी ढकलली. स्कोप औषधाच्या दुकानावरून शेजारच्या खिडकीवर गेला, तिथून रस्त्यावर उतरला, एका सायकलवाल्याच्या मागे लागला आणि कोपऱ्यापर्यंत त्याच्याबरोबर गेला.

"त्याच्या मागच्या चाकात हवा नाहीये," ताई म्हणाली.

फौजदारने दुकानदाराला सांगितलं, "बांधा."

रविवारी वारा होता. बांधाच्या टोकाला फौजदारने पाय मांडले, अगदी बुटके, आणि मधल्या आकड्याला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी अडकवली म्हणजे वाऱ्याने हलायला नको. बुडबुडा बघायचा मोह तिने आवरला. पक्ष्यांना पातळीशी काही देणंघेणं नव्हतं. बाटल्यांचं वजन झालं म्हणून तिने आपली दुर्बीण घरीच ठेवली होती. स्कोप वर चढवला आणि बाजूला झाली.

"मी शोधून देऊ?" तिने विचारलं.

"नको," ताई म्हणाली.

ताईने डोळा लावला, डाव्या हाताने दांडी धरली आणि चिखलाच्या एका कडेपासून सुरुवात केली. शाळेत हजेरी घेताना जशी पहिल्या बाकापासून जायची, तशीच. फौजदार शेजारी उभी होती. उघड्या डोळ्यांना तिला नुसते ठिपके दिसत होते, काही पांढरे, काही मातकट. तिचा हात दोनदा स्क्रूकडे गेला. तिसऱ्यांदा जाऊ नये म्हणून तिने दोन्ही हात खिशात घातले.

स्कोप सरकत सरकत गेला आणि थांबला. मग अगदी हळू पुढे निघाला, थांबला, पुन्हा निघाला. ताईचा श्वास जरा मोठा झाला.

"वाकडोबा?" फौजदारने विचारलं.

स्कोप एका मातकट ठिपक्याच्या मागे मागे चालला होता. चार पावलं, मग आणखी चार, आणि यावेळी कोणीही मागे राहिलं नाही. फौजदारच्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यामुळे आलं असं सांगायची तिने तयारी केली, पण कोणी विचारलं नाही.

"अगं, मलाही बघू दे की जरा," ती शेवटी म्हणाली आणि वाकायला पुढे झाली.

ताईने डोळा न काढता मोकळ्या उजव्या हाताने तिला थोपवलं. तो हात हवेत चांगलाच थरथरत होता.

"थांब," ताई म्हणाली. "त्याने आत्ताच चोच खुपसलीय. पार मुळापर्यंत गेलीय. तू ऐक, मी सांगते."