लोण्याचा वास

"ह्या पायऱ्या कुणीतरी दरवर्षी एकेक वाढवतंय," गालुस पुटपुटले, ते थेट ओटिलीच्या कानात, कारण तळघरात उतरताना त्यांनी सुनेचा खांदा धरला होता.

"बाराच आहेत, बाबा. मी लग्न होऊन आले तेव्हाही बाराच होत्या."

"मग खोल झाल्या असतील."

एक्याऐंशीच्या माणसाशी पायऱ्यांवरून वाद कशाला घालायचा! तशी ओटिली खुशीत होती. रेगेन्सबुर्गला लेकीला जुळं झालं, त्या गडबडीत पाच आठवडे तिकडेच गेले. काल संध्याकाळी घरी परतली तेव्हा नवऱ्याने स्वयंपाकघर बऱ्यापैकी ओळखू येईल असं ठेवलं होतं. उद्या शुक्रवार, म्हणजे गावाला बिअर पाजायची त्यांच्या घराची पाळी. दारावर सहा कोनांचा लाकडी तारा टांगला की गाव आत येऊन बसणार. डुकराचं मांस शिजवून, दाबून तयार होतं. बिअर तेवढी चाखायची राहिली होती.

गावात बिअर उकळायची ती सगळ्यांची मिळून एकाच भट्टीघरात, लाकडाच्या जाळावर. पण तो सातूचा गोड काढा ट्रॅक्टरवर लादून घरी आणला, की पुढचं ज्याचं त्याच्या तळघरात. यीस्ट घालायचं, गार जागी आठ-दहा दिवस फसफसू द्यायचं, मग आणखी थंड टाकीत महिनाभर गप्प पडू द्यायचं. एकाच कढईतला काढा, पण प्रत्येक घरची चव वेगळी. गालुसच्या घरची बिअर तर गावात नावाजलेली. साठ वर्षं ती गालुसची बिअर होती.

म्हणजे अठ्ठावन्न. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांना मोठा ताप आला, आणि तो जाताना नाक घेऊन गेला. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ओटिलीला कळलं ते करपलेल्या कांद्यावरून. अख्खं घर धुराने भरलेलं आणि बाबा चुलीशेजारी पेपर वाचत बसलेले. तेव्हापासून रोज सकाळी ते तळघरात जात, ग्लास भरत, घोट तोंडात घोळवत आणि म्हणत, "अजून दोन दिवस." मग ते वर गेले की ओटिली खाली जाई, चाखे आणि करायचं ते करी. ते विचारत नसत, ती सांगत नसे. घर सुखात चाललं होतं.

या खेपेला मात्र फसफस ऐन भरात असताना तिला रेगेन्सबुर्गला जावं लागलं. "फेस खाली बसला की लगेच थंड करू नका हं, बाबा," असं ती दारातून म्हणाली होती.

"पोरी, तू जन्मायच्या आधीपासून मी बिअर करतोय," ते म्हणाले होते. तेही खरंच होतं.

आता त्यांनी टाकीच्या तोटीखाली ग्लास धरला. बिअर सोनेरी, स्वच्छ, फेस दाट. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले. "झाली."

ओटिलीने ग्लास नाकाशी नेला. लोणी. चांगलं ताजं, पावाला लावायचं लोणी, फक्त ते बिअरमध्ये होतं. फसफसताना यीस्ट हा वास सोडतं आणि शेवटी स्वतःच खाऊन टाकतं, पण त्याला तेवढी ऊब हवी. लवकर थंड केलं की ते बिचारं झोपतं आणि वास मागे राहतो. जन्मभर 'अजून दोन दिवस' म्हणणाऱ्या माणसाने नेमकं या वेळी ते म्हटलं नव्हतं.

"कशी आहे?" गालुसनी विचारलं.

"थंड आहे," ती म्हणाली.

वर बुर्कार्ट येऊन बसले होते. पलीकडच्या घरचे. तारा लागायच्या आदल्या दिवशी दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांची बिअर चाखायची, हा त्यांचा पन्नास वर्षांचा रिवाज. गालुसनी सुरई टेबलावर आणली. बुर्कार्टनी घोट घेतला. त्यांच्या मिशा जागच्या जागी थांबल्या. त्यांनी ओटिलीकडे पाहिलं, ओटिलीने खिडकीकडे.

"बोल की लेका," गालुस म्हणाले.

"गोलसर आहे."

"गोलसर?"

"म्हणजे... भरल्यासारखी वाटते. पोटभर."

"बायकोला सांगतात तसं काय सांगतोस! चांगली आहे की नाही?"

"तुझ्या घरची आहे," बुर्कार्ट म्हणाले आणि आपल्या परीने अगदी प्रामाणिक राहिले.

गालुस समाधानाने हसले. "ओटिली, तारा आण. आजच टांगून ठेवू."

ओटिलीने कोपऱ्यातला तारा उचलला आणि छातीशी धरून उभी राहिली. द्यावा, तर उद्या साठ माणसं ही बिअर पितील, कुणी काही बोलणार नाही आणि पुढच्या पाळीला निम्मी येणार नाहीत. न द्यावा, तर कारण सांगावं लागेल, आणि तेही बुर्कार्टकाकांसमोर.

"देतेस ना?"

"धूळ बसलीय, बाबा. पुसते." ती ॲप्रनच्या टोकाने पुसत राहिली; ताऱ्याला सहाच कोन असल्याचं तिला फार वाईट वाटलं.

एवढ्यात तिचा नवरा विगांट आत आला. बिअर करणाऱ्याच्या पोटी जन्मून हा माणूस आयुष्यभर सफरचंदाचा रस पीत आला होता. तो टेबलावर वाकला, सुरईत नाक घातलं आणि खूश होऊन म्हणाला, "वा! केक भाजलाय का कुणी?"

बुर्कार्ट छताकडे बघू लागले. ओटिलीचा हात ताऱ्यावर थांबला. गालुसनी एकेकाचा चेहरा पाहिला, सावकाश, पत्ते पाहावेत तसा. मग ते खुर्चीत बसले.

"लोणी?" त्यांनी ओटिलीला विचारलं.

तिने मान डोलावली.

"फार?"

"बरंच, बाबा."

त्यांनी टेबलावरची रेघ बोटाने एकदा घासली. मग शेजाऱ्याकडे वळले. "बुर्कार्ट, तुझ्या पिपात आज फेस किती?"

"वीतभर. आजच भरात आलाय."

"त्या फसफसत्या बिअरच्या चार बादल्या दे. जागं यीस्ट टाकीत पडलं, थोडी ऊब मिळाली, की आठवड्यात वास खाऊन टाकेल. उद्याची पाळी दुसऱ्या कुणाला तरी देऊ, मांसही त्यांच्याकडे पाठवू."

"देतो की. तू कधी येतोस न्यायला?"

"मी नाही, ओटिली येईल. किती घालायचं, कधी थांबायचं, तीच ठरवेल." त्यांनी आपला ग्लास तिच्यासमोर सरकवला. "मला दोन वर्षं झाली, कसलाच वास येत नाही रे. बिअर तीच करते."